सकाळी थंड इंजिन सुरू होताना गाडी थरथरते, मिसिंग मारते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी सेल्फ मारला, इंजिन उशिरा सुरू झालं, सुरू झाल्यावर थरथरलं, मिसिंग मारलं (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन मधूनमधून पेटलंच नाही), एकदा बंदही पडलं. दोन मिनिटांनी मात्र काही झालंच नाही अशी चालायला लागली. पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्यांच्या या तक्रारीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. थंड इंजिनाचा बिघाड इंजिन थंड असतानाच सापडतो. गाडी चालवत गॅरेजला नेली की ती गरम होते, मेकॅनिकला काहीच दिसत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

सकाळी इंजिन जरा जोरात चालतं, आवाजही मोठा येतो. हा बिघाड आहे का?

नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडलिंग वाढवतो. पहिलं अर्धं-एक मिनिट आरपीएम १,२०० ते १,५०० असणं नेहमीचं आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) लवकर तापावा म्हणून स्पार्कही मुद्दाम उशिरा दिला जातो, त्यामुळे सायलेन्सरचा आवाज थोडा भरीव येतो. आरपीएम हळूहळू उतरून ७००-८५० वर स्थिरावला पाहिजे.

काटा वर-खाली नाचतो, गाडी ठराविक ठेक्यात हिसका देते, ॲक्सिलरेटर दाबला की आधी दबते आणि मग उचलते, पेट्रोलचा उग्र वास येतो किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो, तर मात्र तो बिघाड समजा. तीन सिलिंडरच्या गाड्या मुळातच थोड्या थरथरतात, पण ती थरथर एकसारखी असते. गरम झाल्यावरही सीटला, स्टिअरिंगला तेवढीच थरथर जाणवत असेल आणि काटा स्थिर असेल, तर इंजिनाऐवजी त्याचे माउंटिंग बघा.

थंडी पडली की असं होणारच, असं मेकॅनिक म्हणतो. खरं आहे का?

आमच्या मते हे उत्तर स्वीकारू नका. निफाडला किंवा महाबळेश्वरला पारा ५-७ अंशांवर येतो, पुण्या-नागपुरात ८-१० वर. इंजिनाच्या हिशेबाने ही काही थंडी नव्हे. हीच इंजिनं शून्याखाली २० अंशांतही सुरू होतील अशी बनवलेली असतात. निरोगी गाडी आपल्याकडच्या कुठल्याही सकाळी एक-दोन सेकंदांच्या सेल्फमध्ये सुरू व्हायला हवी. थंडी नवा बिघाड निर्माण करत नाही, आधीपासून दबून असलेला वर आणते. गरम इंजिनाला बारीकसारीक दोष चालून जातात, थंड इंजिनाला जात नाहीत.

तपासणी कुठून सुरू करायची?

कानापासून. गाडी निदान सहा-आठ तास उभी राहू द्या. मग एसी, दिवे, रेडिओ बंद ठेवून सेल्फ मारा आणि बॉनेट उघडून दुसऱ्या कुणाला तरी पुढे उभं करा. मोबाइलवर चित्रण करून ठेवा, मीटरचंही आणि सायलेन्सरचंही. पुढे गॅरेजला त्याचा फार उपयोग होतो. मुख्य प्रश्न असा, की त्रास नेमका कोणत्या क्षणी होतो?

सेल्फच जड, घोंगावत फिरतो. मग बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग किंवा सेल्फ मोटर.

सेल्फ झकास फिरतो, पण गाडी चार-पाच सेकंदांनी सुरू होते आणि नंतर ठीक चालते. मग रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय.

लगेच सुरू होते, पण एका ठेक्यात मिसिंग मारते. हा एका सिलिंडरचा दोष, म्हणजे प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), नोझल (पेट्रोल फवारणारा), व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी.

सुरू होते आणि लगेच बंद पडते, रेस धरली तर तग धरते. मग थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) कार्बन, कुठून तरी आत शिरणारी फालतू हवा, किंवा तापमानाचा खोटा आकडा देणारा सेन्सर.

सगळेच सिलिंडर दबल्यासारखे आणि काळा धूर, तर पेट्रोल जास्त होतंय.

एवढं ठरलं तरी अर्धं काम झालं.

बॅटरी ठीक आहे की नाही, हे नुसतं बघून कळतं का?

मल्टिमीटर लागतोच, तीन-चारशे रुपयांचा साधा चालतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते, तेव्हा व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. ते ८.५ वर गेलं तर सेल्फ फिरतोही, पण ईसीयू आणि कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, ठिणगी कमजोर पडते आणि गाडी मिसिंग मारत सुरू होते. लोक अशा वेळी प्लग बदलून मोकळे होतात.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून एकाच आकड्यावरून अल्टरनेटर गेला असं ठरवू नका.

आता एक तपासणी जी फार कमी ठिकाणी होते. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. इथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची तार किंवा तिचा बोल्ट खराब. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने हे बोल्ट आतून गंजतात, वरून मात्र चांगले दिसतात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात, मेल्याचं कळतं डिसेंबरात. तीन-चार वर्षं झाली असतील तर आधी तिच्यावरच संशय घ्या.

प्लग काढून काय बघायचं?

पुष्कळ काही. प्लगइतकं खरं बोलणारा पार्ट इंजिनात दुसरा नाही. फक्त तो योग्य वेळी काढा. सकाळी थंड गाडी सुरू करून, मिसिंग ऐकून, वीस-तीस सेकंदांत बंद करा आणि तेव्हाच काढा. दहा किलोमीटर चालवून काढलेला प्लग स्वतःला स्वच्छ करून घेतो, मग त्यावर पुरावा उरत नाही.

कॉइल काढल्यावर आधी प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तळाशी इंजिन ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरची गॅस्केट किंवा प्लगच्या नळीची सील गेली. पाणी असेल तर ते इंजिन धुतल्याचं किंवा पावसाचं. कॉइलचा रबरी बूट हातात घेऊन उजेडात फिरवा. त्यावर केसासारखी काळी किंवा राखाडी उभी रेघ दिसली, की ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेवरून बाहेर पळते. तशीच रेघ प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही सापडते. असा प्लग बदलताना बूटही बदला, नाहीतर जुना बूट नवा प्लग महिन्याभरात खराब करतो.

आता टोक. फिकट तपकिरी म्हणजे छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही, किंवा नोझल रात्रभर टपकत होता. ओला, पण तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय. चारपैकी एकच वेगळा दिसला तर तोच सिलिंडर धरा.

गॅप फीलर गेजने मोजा. पेट्रोलवर बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिमी, सीएनजीवर साधारण ०.७ ते ०.८ मिमी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. झिजून गॅप १.३-१.४ झाला, की थंडीत ठिणगी उडी मारत नाही आणि गरम झाल्यावर मारते, तक्रार हुबेहूब हीच. निकेलचे प्लग ४०,००० किमीच्या आत बदलावेत, इरिडियमचे त्याच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत चालतात. इरिडियमची सुई तारेच्या ब्रशने घासू नका, ती तुटते. बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा, मग टॉर्क पान्ह्याने पुस्तकातल्या आकड्याएवढाच आवळा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की प्लगच्या किमतीच्या कैकपट खर्च येतो.

स्कॅनर लावला तर लगेच कळेल ना?

कळतं, पण कोड म्हणजे निदान नव्हे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी (गाडीतले दोष वाचायचा) सॉकेट असतो, त्यात ईएलएम ३२७ पद्धतीचा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर वाचता येतं. पी०३०० म्हणजे कुठल्या एकाच नव्हे, तर अनेक सिलिंडरांत मिसिंग. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. पी०१२८ आला तर इंजिन पुरेसं गरमच होत नाहीये, बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

कोड मिटवण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचा. दोष नोंदला गेला त्या क्षणी कूलंटचं तापमान किती होतं, आरपीएम किती होता, हे त्यात लिहिलेलं असतं. तिथे १८ अंश आणि १,१०० आरपीएम दिसला, म्हणजे बिघाड खरोखर थंड स्टार्टचाच आहे. अनेक ठिकाणी गाडी आली की आधी कोड मिटवतात आणि हा पुरावा पुसला जातो. ते करू देऊ नका.

एका सिलिंडरचा कोड आला की अदलाबदल करा. समजा पी०३०१ आहे. पहिल्याची कॉइल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची पहिल्याला लावा. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर दुसऱ्या रात्री प्लग बदलून बघा, तिसऱ्या रात्री नोझल. एका रात्री एकच बदल. तीन दिवस जातात, पण नेमका पार्ट सापडतो आणि बाकीचे विनाकारण बदलावे लागत नाहीत.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बिघडला तर थंड स्टार्टवर परिणाम होतो?

फार होतो. पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू याच सेन्सरला विचारून ठरवतो. बाहेर १२ अंश असताना सेन्सर ६० सांगत असेल, तर इंजिन गरम आहे असं समजून ईसीयू पेट्रोल कमी देतो. गाडी सुरू होते आणि विझते.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं अशी दोन्ही तापमानं बघा. दोन्ही बाहेरच्या तापमानाइतकी, एकमेकांपासून दोन-चार अंशांच्या आतच असली पाहिजेत. उणे ४० दिसलं तर तार तुटली किंवा कनेक्टर निघाला. मीटरने मोजायचं तर २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास रेझिस्टन्स येतो. नवा सेन्सर घालण्याआधी कनेक्टर काढून आत कूलंट झिरपलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, ते बघा. कित्येकदा सेन्सर चांगला असतो आणि कनेक्टर कुजलेला.

चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून सेल्फ मारला तर गाडी चटकन सुरू होते. याचा अर्थ काय?

अर्थ सरळ आहे. चावी ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि रेलमध्ये (नोझलांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) प्रेशर भरतो. एकदा ऑन करून पुरत नाही आणि तीनदा करून पुरतं, म्हणजे रात्रीत प्रेशर पूर्ण उतरलंय. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबून हेच करता येतं.

साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. गेज लावून इंजिन बंद करा. दहा-वीस मिनिटं प्रेशर जवळपास तसंच राहिलं पाहिजे. भराभर खाली आलं तर वाटा दोनच: पंपाजवळचा चेक व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर गळतोय, नाहीतर एखादा नोझल टपकतोय. नोझल टपकत असेल तर सकाळी पेट्रोलचा वास, काळा धूर आणि एक ओला प्लग सापडतो. चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर पेट्रोल नुसतं टाकीत परत जातं, गाडी उशिरा सुरू होते पण सुरू झाल्यावर स्वच्छ चालते. यातला फरक न ओळखता सरसकट पंप बदलला जातो.

नोझल अल्ट्रासॉनिकमध्ये धुवून बाकावर तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा हवा, धार नको. ओ-रिंगा प्रत्येक वेळी नव्या घाला.

सेल्फ मारून मारून इंजिनात पेट्रोल भरलं. आता?

ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि नुसत्या हवेने सिलिंडर कोरडे होतात. सुरू होताच पाय काढा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. धक्का स्टार्ट करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

थ्रॉटल बॉडी साफ केल्याने फरक पडतो का?

आयडलिंगला गाडी विझत असेल तर बऱ्याचदा पडतो. थ्रॉटलच्या पट्टीच्या कडेला कार्बनची कडी धरते आणि तेवढ्या फटीतून जाणारी हवा कमी होते. पाइप काढा, थ्रॉटल बॉडी क्लीनर सुती फडक्यावर घ्या आणि पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पट्टी बोटाने जोरात ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. साफ केल्यावर ईसीयूला आयडल नव्याने शिकावं लागतं. काही गाड्या थोडा वेळ आयडलिंगवर ठेवल्या की आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लागतो. हे न केल्याने साफसफाईनंतर आरपीएम १,५०० वर अडकलाय अशी नवी तक्रार येते.

फालतू हवा शिरण्याची जागा वेगळी शोधावी लागते. इनटेकची गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणारा) पाइप आणि ब्रेक बूस्टरचा पाइप थंडीत आकसतात आणि फट उघडते. गरम झाल्यावर रबर फुगून तीच फट बंद होते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे हवा शिरतेय. उलट, रेस वाढवल्यावर ट्रिम आणखी वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. गळती शोधायला स्मोक मशीन सर्वांत चांगलं. ते नसेल तर साबणाचं पाणी सांध्यांवर फवारा आणि आयडलिंग बदलतं का ते ऐका. चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर मारणं आगीला निमंत्रण आहे.

ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे हा त्रास सुरू झाला असेल का?

एकट्या ई-२० मुळे निरोगी गाडी १०-१५ अंशांत अडखळू नये. पण इथेनॉलचा परिणाम शून्य नाही. त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि एक किलो पेट्रोलला जिथे सुमारे १४.७ किलो हवा लागते तिथे इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे नोझलने तेवढंच इंधन सोडलं तर मिश्रण पातळ पडतं. गरम असताना ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून दुरुस्त करतो. सुरुवातीच्या मिनिटात तो सेन्सर थंड असतो, त्यामुळे ईसीयूला आधी शिकलेल्या हिशेबावरच भागवावं लागतं. नोझल आधीच निम्मे चोक असतील तर इथे गाडी उघडी पडते.

दुसरी गोष्ट, इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळाभर जवळपास रिकाम्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत हे होऊ शकतं. थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल, वरून ताजं पेट्रोल ओतून उपयोग नाही.

गाडी सीएनजीवर चालते. मग पेट्रोलचे पार्ट कशाला तपासायचे?

कारण थोड्या गाड्या सोडल्या तर सीएनजी गाडी सकाळी सुरू होते पेट्रोलवर आणि इंजिन थोडं तापल्यावर गॅसवर जाते. पेट्रोलचा वापर दिवसाला जेमतेम एक-दोन मिनिटांचा. तेच पाच लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहतं, त्यातला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो, नोझलच्या तोंडाशी डिंकासारखा थर बसतो. पंप पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी कोरडी असली की तोही लवकर जातो. सीएनजी गाड्यांत सकाळच्या त्रासाचं आम्हाला सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच.

पाव टाकीच्या खाली पेट्रोल जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आता त्रास सुरू झालाच असेल तर जुनं पेट्रोल संपवून ताजं भरा, मग नोझल धुवा.

गाडी नीट सुरू होते आणि गॅसवर जातानाच झटका देते, तर दोष गॅसच्या बाजूचा: फिल्टर, रिड्यूसर (गॅसचं प्रेशर उतरवणारा) किंवा बाहेरून बसवलेल्या किटमध्ये फारच कमी ठेवलेलं बदलाचं तापमान. सीएनजीने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही जास्त झिजतात, म्हणून टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणे तपासत राहा.

पेट्रोल भरलं की त्यानंतरच गाडी अडखळत सुरू होते. पेट्रोलमध्ये भेसळ?

दरवेळी पंपावरून निघताना, कुठल्याही पंपावर होत असेल तर भेसळ नव्हे. टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. त्याचा पाइप काढून, वीज नसताना आरपार फुंकर जाते का बघा. जायला नको. पंपावरचा नोझल टक करून बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणत वरून भरलेलं पेट्रोल वाफेच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि हा त्रास ओढवतो. पहिल्या टक्‌ला थांबा.

डिझेल गाडी सकाळी थरथरते, पांढरा धूर सोडते. हीटर प्लग गेले का?

धुराला न जळलेल्या डिझेलचा, डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर शक्यता मोठी. डिझेल ठिणगीवर नव्हे, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. एक-दोन हीटर प्लग (सुरुवातीला सिलिंडर तापवणारे) मेले की तेवढे सिलिंडर सुरुवातीला पेटत नाहीत, गाडी दोन-तीन सिलिंडरांवर धडधडते आणि तापल्यावर शांत होते. प्लगची तार काढून टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यात मोजा. साधारण १ ओहमच्या आसपास यायला हवं, मीटरने काहीच दाखवलं नाही तर प्लग मेला. चारही चांगले असतील तर रिले आणि फ्यूज बघा, चावी ऑन केल्यावर प्लगला वीज येते का. काढताना सांध्यात आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा, इंजिन कोमट असताना हळू फिरवा. अडकलेला हीटर प्लग जोर लावून तोडला तर हेड उतरवावं लागतं.

मीटरवर हीटर प्लगचं (वेटोळ्या तारेचं) चिन्ह असेल तर ते विझेपर्यंत थांबून सेल्फ मारायची सवय ठेवा.

सेल्फ खूप वेळ फिरतो आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोहोचतच नाही. लाइनने एअर घेतली असेल, विशेषतः फिल्टर बदलल्यानंतर लगेच. पारदर्शक नळी असेल तर बुडबुडे दिसतात. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. तरीही नाही, तर कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून जास्त प्रेशरने डिझेल देणारी पद्धत) नोझलची परतीची गळती मोजा. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला सारखी बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालवा. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो नोझल प्रेशर खातोय. सेल्फवर रेलमध्ये साधारण २०० बारच्या वर प्रेशर तयार झाल्याशिवाय ईसीयू नोझल उघडतच नाही.

चालू इंजिनात हाय प्रेशर पाइप कधीही सैल करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत ती पद्धत चालायची. कॉमन रेलमधली धार कातडी भेदून आत जाते, आणि अशी जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं.

ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला तरी थंड आयडलिंग बिघडतं. तो काढून साफ करा. डिझेल गोठलं असेल ही शंका महाराष्ट्रात काढायचं कारण नाही. तो प्रश्न लडाखचा, जिथे इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं.

धुराच्या रंगावरून आणखी काय कळतं?

पेट्रोल गाडीतून थंड सकाळी पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येणं नेहमीचं आहे. ती वाफ गरम झाल्यावरही थांबत नसेल, वास गोडसर असेल, कूलंट दर आठवड्याला कमी होत असेल आणि सकाळी एक सिलिंडर अर्धा मिनिट मिसिंग मारत असेल, तर हेड गॅस्केटमधून रात्रीत कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय. हे लांबवू नका. सुरू होताना निळा भपका आणि मग काही नाही, तर व्हॉल्व्हच्या सील कडक झाल्यात.

थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाडीत वेगळं काय?

पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू पेट्रोलने कधीच धुतली जात नाही. तिथे तेलकट कार्बनचा थर चढतो आणि त्याने आत जाणाऱ्या हवेला अडथळा येतो. टाकीत टाकायच्या औषधाने हा थर निघत नाही, कारण ते तिथे पोहोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा झोत मारतात, तोच खरा उपाय. रेलचं प्रेशर इथेही खूप असतं, घरी हात घालू नका.

सगळं बदललं, तरी एक सिलिंडर सकाळी मरतोच.

मग कॉम्प्रेशन मोजा, तेही थंड इंजिनात. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार मिळतं. आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा, तो १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मोजताना पेट्रोल आणि कॉइल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली हवी.

पावसाळ्यातच त्रास होतो, हिवाळ्यात नाही. का?

ओलाव्याने कॉइलच्या बुटाची बारीक चीर जागी होते. संध्याकाळी अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, कॉइलभोवती निळसर किडे चमकताना दिसले तर चोर सापडला. उंदरांनाही विसरू नका, पावसाळ्यात ते इंजिनाच्या उबेला येतात. नोझलच्या तारा, ऑक्सिजन सेन्सरची तार आणि पेट्रोलचा पाइप दात लागल्यासारखा दिसतो का ते बघा. पाइप कुरतडला असेल तर सेल्फ मारूच नका.

सकाळी पाच मिनिटं रेस देऊन गाडी गरम करावी का?

नको. ऑइल वर पोहोचायला अर्धं मिनिट पुरतं. मग पहिले दोन-तीन किलोमीटर २,५०० आरपीएमच्या आत चालवा, इंजिन उभं राहून तापतं त्यापेक्षा लवकर तापतं. रोज एक-दोन किलोमीटरच गाडी चालत असेल तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल लवकर बदला. आणि ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘घट्ट बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नका. सेल्फ जड होतो, टायमिंग चेनचा टेन्शनर भरायला वेळ लागतो आणि सकाळी चेन खडखडते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. ऑफिसपर्यंत जाऊ का?

नाही. स्थिर दिवा म्हणजे दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणजे आत्ता, या क्षणी न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय. बाजूला घ्या, बंद करा.

गॅरेजला गाडी देताना काय सांगायचं?

गाडी संध्याकाळीच द्या आणि ‘सकाळी पहिला सेल्फ स्कॅनर लावूनच मारा’ असं जॉब कार्डवर लिहून घ्या. शेवटचं पेट्रोल कधी भरलं, गाडी किती तास उभी होती, त्रास किती सेकंद टिकतो, चावी तीनदा ऑन केल्याने फरक पडतो का, धुराचा रंग, कूलंट कमी होतं का, हे एका कागदावर द्या. मोबाइलवरचं चित्रण दाखवा. बदललेला प्रत्येक पार्ट परत मागा आणि काढलेल्या प्लगवर सिलिंडरचा आकडा लिहून ठेवायला सांगा.